भंगारात काढण्याआधी एकदा पेनड्राईव्ह लावून बघा

गेल्या महिन्यात इंदापूर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत जाणं झालं. संगणकाच्या खोलीत आठ मशीन, आठही चादरीखाली झाकलेल्या. मुख्याध्यापक सर म्हणाले, "आता हे भंगारच. विंडोज १० बंद झालं म्हणे. बारामतीच्या एका दुकानदाराने नव्याचं कोटेशनपण दिलंय."

हे संगणक सरकारने दिलेले नाहीत. ऊसबिल आल्यावर गावाने वर्गणी काढून घेतलेत. म्हणून विषय जिव्हाळ्याचा.

आधी खरं-खोटं बघू. विंडोज १० 'बंद' झालेलं नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने त्याचे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट थांबवले. मशीन आजही चालू होते, पण नवीन व्हायरस आला, नवीन भगदाड सापडलं, तर ते बुजवायला कोणी येणार नाही. घरगुती वापरासाठी नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव अपडेट मिळतात, पण ती तात्पुरती मलमपट्टी. विंडोज ११ टाकावं तर त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. आपल्या शाळा-ग्रामपंचायतींतल्या बऱ्याच मशीन त्याआधीच्या. म्हणजे मशीन धडधाकट, पण कागदावर बाद!

मी सरांना म्हटलं, "सर, कोटेशनवर सही करायच्या आधी मला अर्धा तास द्या."

खिशात ८ जीबीचा पेनड्राईव्ह होता. घरून त्यावर लिनक्स मिंट टाकून आणलेलं. फाईल साधारण तीन जीबीची, डाउनलोड फुकट, आणि ती पेनड्राईव्हवर चढवायचं रुफस नावाचं सॉफ्टवेअरही फुकट. (एक लक्षात ठेवा, असं करताना पेनड्राईव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं. लग्नाचे फोटो असलेला घेऊ नका.) पेनड्राईव्ह लावला, मशीन चालू करताना एफ१२ दाबलं. काही कंपन्यांत एफ९ किंवा एस्केप असतं. यादीतून पेनड्राईव्ह निवडला आणि दोन-तीन मिनिटांत नवीन स्क्रीन समोर.

अध्यक्षांनी लगेच विचारलं, "अहो, पण आतलं सगळं गेलं की काय?"

काही गेलं नाही. मुद्दा तोच तर आहे. याला 'लाईव्ह' म्हणतात. सगळी सिस्टीम पेनड्राईव्हवरून उचलून मशीनच्या रॅममध्ये चालते. आपण होऊन 'इन्स्टॉल' वर क्लिक करत नाही तोवर हार्ड डिस्कवरचं विंडोज जागच्या जागी राहतं. बंद करा, पेनड्राईव्ह काढा, मशीन पूर्वीसारखी. नवीन बैल घ्यायच्या आधी आपण जुंपून बघतोच की. तसंच हे.

आठपैकी सहा मशीनवर व्यवस्थित चालू झालं. सातवीची हार्ड डिस्कच गेलेली, पण पेनड्राईव्हवर तीही चालली! म्हणजे ती मशीन मेलेली नव्हती, फक्त डिस्क बदलायची होती. आठवी काही उठली नाही. ती खरंच भंगार. मराठी कीबोर्ड जोडून दिल्यावर सातवीतल्या एका मुलीने स्वतःचं नाव टाईप केलं. तिला खाली विंडोज आहे की लिनक्स, याच्याशी काही घेणं नव्हतं.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर मी पण दुकानदारासारखाच. पेनड्राईव्हवरून चालवलं की थोडं हळू चालतं. मध्येच लाईट गेली तर केलेलं काम जातं, आणि आपल्याकडे लाईटचं काय सांगावं! टॅली, श्री-लिपी ही सॉफ्टवेअर विंडोजसाठीची. डीटीपीवाल्यांनी आणि पतसंस्थांनी घाई करू नये. ग्रामपंचायतीत डिजिटल सहीचा टोकन, अंगठ्याची मशीन, जुना प्रिंटर ही गाडी इथेच अडू शकते. म्हणून तर आधी पेनड्राईव्हवर बघायचं. वायफाय लागतं का, आवाज येतो का, प्रिंट निघते का, यूडायस पोर्टल उघडतं का, हे चार-पाच प्रश्न अर्ध्या तासात सुटतात. नाही जमलं तर पैसा गेला नाही, डेटा गेला नाही.

काहींना वाटेल, हे इंजिनिअर पोरांचे उद्योग. केरळात बघा. तिथल्या सरकारी शाळांत कित्येक वर्षं लिनक्सच शिकवतात. 'काईट' ही त्यांची सरकारी संस्था शाळांसाठी स्वतःची आवृत्ती काढते, मल्याळमसह. आपल्या पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने 'बॉस' नावाचं भारतीय लिनक्स बनवलंय. सरकारी कामात मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य द्यायचं धोरण केंद्राने २०१५ मध्येच जाहीर केलंय. मग गाडी अडलीय कुठे? मला विचाराल तर खरेदीत. नवीन घेण्यात बिल असतं, उद्घाटन असतं, फोटो असतो. जुनं चालू ठेवण्यात यातलं काहीच नसतं.

माझं म्हणणं एवढंच. शाळा व्यवस्थापन समिती असो, ग्रामपंचायत असो की सोसायटी, नवीन संगणकाचा ठराव मांडण्याआधी जुन्या मशीनवर एकदा पेनड्राईव्ह लावून बघावा आणि काय चाललं, काय नाही, ते प्रोसिडिंगमध्ये लिहावं. नाही चाललं तर खुशाल नवीन घ्या, कोणी बोट दाखवणार नाही. आणि बारामतीत, इंदापुरात इंजिनिअरिंग, बीसीए, आयटीआय करणारी पोरं एवढी आहेत. एका शनिवारी चार पोरं बसली तर एका शाळेचं काम होतं. त्यांना प्रोजेक्ट मिळेल, गावाची वर्गणी वाचेल.

त्या शाळेचं कोटेशन आता आठ मशीनचं राहिलेलं नाही. एक मशीन, एक हार्ड डिस्क आणि चार पेनड्राईव्ह. उरलेल्या पैशात इन्व्हर्टर घ्यायचा विचार चाललाय. लाईटचं दुखणं पेनड्राईव्हने बरं होत नाही ना!