अण्णांचीं बाडें आणि संगणकाची लिपी

गेल्या महिन्यांत तुळजापूरकडील एका वाचकभगिनींचें पत्र आलें. त्यांचे यजमान शाळेंतून निवृत्त झाले असून आपल्या आठवणी लिहून काढाव्या असें त्यांच्या मनानें घेतलें आहे. मुलानें पुण्याहून संगणक पाठविला. परंतु त्यावरील लेखनाची आज्ञावली उघडली कीं वरच्या अंगास बारीक चित्रांच्या दोन-तीन ओळी दिसतात, आणि त्यांतील कशावर बोट ठेवावें या विवंचनेंतच सकाळ संपते. "सोपें, हलकें असें कांहीं नाहीं का?" असें त्या विचारतात.

प्रश्न लहान आहे खरा. पण आमच्या घरांत या लहान प्रश्नापायीं जें घडलें तें सांगितल्यावांचून मला उत्तर देतां येणार नाहीं.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असूं, धाराशिवास, म्हणजे तेव्हांच्या उस्मानाबादेस, शिक्षक होते. आमच्याकडे पूर्वीं एका गांवचें कुळकर्ण होतें. त्याचें दप्तर माळ्यावर तांबड्या फडक्यांत बांधलेलें असे. त्यांतील जमाखर्च, वाटणीचे कागद आणि घरगुती पत्रें मोडींत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हैदराबाद संस्थानच्या कारभारांत फारसीची जागा उर्दूनें घेतली. त्यामुळें सरकारी हुकूम कांहीं फारसींत, कांहीं उर्दूंत. आम्हां भावंडांस येई ती फक्त बाळबोध. एकाच गांठोड्यांत आपल्याच घराण्याचे कागद असावे आणि आपण त्यांकडे निरक्षरासारखें पाहावें, हा अनुभव मराठवाड्यांतील पुष्कळ घरांना आहे. २०२३ सालीं न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या समितीनें निजामकालीन कागद तपासावयास घेतले, तेव्हां मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची गरज एकाएकीं सर्वांच्या ध्यानांत आली.

अण्णांना मोडी उत्तम येत असे. "मी गेल्यावर या फडक्यांतून कोणास कांहीं कळणार नाहीं," असें म्हणून १९९८ सालीं, वयाच्या पासष्टाव्या वर्षीं, त्यांनीं संगणक घेतला आणि दप्तरांतील मजकूर व स्वतःच्या आठवणी बाळबोधींत उतरविण्यास आरंभ केला. टंकलेखन यंत्राचा कळफलक त्यांना येत होता, म्हणून तोच त्यांनीं संगणकावरही घेतला. रोज पहांटे दोन तास. वीज गेली कीं चिडत, कारण शेवटला परिच्छेद जपून ठेवलेला नसे. चार वर्षांत सुमारें चारशें पानें झालीं. चौकोनी फ्लॉपींवर तीं ठेवलीं, पुढें एका तबकडीवर उतरविलीं. "पुरें झालें म्हणजे छापून घेऊं," असें ते म्हणत. २००६ मध्यें ते गेले. संगणक जुना झाला, भंगारांत गेला. तबकडी देवघरांतील पेटींत राहिली. दप्तराची आम्हांला चिंता उरली नव्हती, कारण तें आतां बाळबोधींत होतें.

२०२० च्या जानेवारींत येथें ९३ वें अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलें. त्या निमित्तानें पुण्याचे चुलतबंधु आमच्याकडे उतरले होते. त्यांना १९४८ सालच्या रझाकारी दिवसांविषयीं अण्णांनीं काय लिहिलें आहे तें पाहावयाचें होतें. तबकडी काढली, पुतण्याच्या संगणकांत घातली, पहिलें प्रकरण उघडलें. पडद्यावर रोमन अक्षरांची खिचडी! मध्येंच कोठें डोक्यावर दोन टिंबें असलेलें अक्षर, कोठें फ्रेंच भाषेंतल्यासारखें शेपटीचें. चारशें पानें तशींच. आई दारांत उभी होती. तिनें विचारलें, "काय रे, हें पुन्हा मोडींतच लिहिलें कीं काय यांनीं?"

आईचें म्हणणें जवळजवळ खरें होतें. संगणक अक्षर ओळखत नाहीं. तो आंकडा ओळखतो. कोणत्या आंकड्यास कोणती आकृति दाखवावयाची हें फाँट सांगतो. आपल्याकडे १९८०-९० च्या सुमारास देवनागरी संगणकावर आली तेव्हां अनेक व्यावसायिकांनीं इंग्रजी अक्षरांसाठीं राखलेल्या आंकड्यांवरच देवनागरीच्या आकृति बसविल्या, आणि प्रत्येकानें आपापल्या सोयीनें बसविल्या. एकाच्या फाँटांत ज्या आंकड्यावर 'क', दुसऱ्याच्यांत त्याच आंकड्यावर अर्धा 'ग'. तो फाँट संगणकावर आहे तोंवर सर्व ठीक दिसतें. फाँट गेला कीं खालचे आंकडे उघडे पडतात. अण्णांनीं लिहिलें होतें मराठी, पण पेटींत राहिली होती कोणा एका कारखानदाराची गुप्त लिपी. कारखानदारास तरी दोष काय द्यावा? त्या काळीं सर्वांचीच रीत ती होती.

यावर उपाय म्हणून जो सर्वमान्य तक्ता निघाला त्यास युनिकोड म्हणतात. त्याची पहिली आवृत्ति १९९१ सालची, आणि तींत देवनागरीस १२८ जागांचा स्वतंत्र वाडा मिळाला. तेथें 'क' चा आंकडा २३२५ आणि आपल्या 'ळ' चा २३५५. मग फाँट कोणताही असो, यंत्र कोणाचेंही असो. विंडोजबरोबर येणारा 'मंगल' हा फाँट कवि व सुलेखनकार र. कृ. जोशी यांच्या हातचा. तो नसला आणि दुसरा असला, तरी अक्षराचें वळण तेवढें बदलतें, अक्षर बदलत नाहीं. अण्णांनीं संगणक घेतला तेव्हां हा तक्ता अस्तित्वांत होता, पण घरगुती संगणकांवर मराठीसाठीं तो रुळला नव्हता.

चारशें पानें परत मिळविण्याचें काम पुतण्यानें अंगावर घेतलें. सुदैवानें फाइलींत फाँटाचें नांव लिहिलेलें होतें, आणि अण्णांनीं कधीं तरी छापून ठेवलेलीं एकेचाळीस पानें पेटीच्या तळाशीं सांपडलीं. तीं नसतीं तर ताळा पाहण्यास साधनच नव्हतें. आंकड्यास आंकडा लावणें सोपें. खरी अडचण वेलांटीची. 'किल्ला' लिहितांना जुन्या फाँटांत ऱ्हस्व वेलांटी 'क' च्या आधीं बसे, कारण ती कागदावर आधीं दिसते. युनिकोडांत ती 'क' च्या नंतर येते, कारण उच्चार तसा आहे. रफाराचें नेमकें उलट. म्हणून पहिल्या फेरींत नळदुर्गाच्या किल्ल्यावरील सर्व वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जाऊन बसल्या होत्या आणि 'दुसऱ्या' मधला 'ऱ्या' तर पार नाहींसा झाला होता. तीन महिने हें चाललें.

त्यांत एक घोटाळा मींही केला. दुरुस्त झालेलें पहिलें प्रकरण माझ्या जुन्या संगणकावर नोटपॅडमध्यें उतरवून घेतलें आणि 'जपून ठेव' म्हणून कळ दाबली. यंत्रानें कांहीं इशारा दिला, तो मीं न वाचतां होकार दिला. दुसऱ्या दिवशीं उघडतों तों ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हें! जुन्या नोटपॅडमध्यें फाइल ठेवतांना 'युनिकोड' किंवा 'यूटीएफ-८' असा प्रकार निवडावा लागे. न निवडल्यास देवनागरीचें प्रत्येक अक्षर प्रश्नचिन्ह होऊन बसे, आणि प्रश्नचिन्हांतून अक्षर परत काढण्याची विद्या कोणापाशीं नाहीं. मूळ प्रत पुतण्याकडे होती म्हणून निभावलें. २०१९ पासूनच्या विंडोजमध्यें हा प्रकार आपोआपच यूटीएफ-८ असतो. तरी घरांत जुनें यंत्र असेल तर एकदां पाहून घ्यावें.

आतां आपल्या वाचकभगिनींच्या प्रश्नाकडे येतों. विंडोजबरोबर वर्षानुवर्षें वर्डपॅड नांवाची एक सुटसुटीत आज्ञावली येत असे. १९९५ पासून ती होती आणि घरगुती पत्रास ती पुरेशी होती. २०२४ मध्यें निघालेल्या विंडोज ११ च्या आवृत्तींतून ती काढून टाकली आहे. तेव्हां मी आपल्या यजमानांस नोटपॅडच सुचवितों. तींत चित्रांची गर्दी नाहीं, अक्षर जाड-तिरपें करण्याचा मोह २०२५ पूर्वीं तींत नव्हता, जुन्या मंद यंत्रावरही ती पापणी लवते न लवते तोंच उघडते. आठवणी लिहिणाऱ्यास कागद, शाई आणि उजेड एवढेंच लागतें. समास किती सोडावा हें छापतांना पाहतां येतें. सवंगपणाचा आरोप पत्करून सांगतों, मोठ्या आज्ञावलींतील शंभर सोयींपैकीं घरगुती लेखनास चार लागतात. शीर्षकें, तक्ते, तळटीपा हव्याच असतील तर लिबरऑफिस विनामूल्य मिळतें. पण तें दुसऱ्या वर्षीं, मजकूर झाल्यावर.

जागेची चिंता तर करूंच नये. यूटीएफ-८ मध्यें देवनागरीचें एक चिन्ह तीन बाइट घेतें. तीनशें शब्दांचें पान म्हणजे सुमारें पांच हजार बाइट. अशीं हजार पानें भ्रमणध्वनीवरील एक-दोन छायाचित्रांएवढ्या जागेंत मावतात. म्हणून एक प्रत मुलाकडे पुण्यास, एक घरांत, आणि प्रत्येक प्रकरण पुरें होतांच कागदावर छापून, हें जमण्यासारखें आहे. कागदाचा आग्रह मी त्या एकेचाळीस पानांमुळें धरतों. कळफलक मात्र नव्यानें शिकणाऱ्यानें इन्स्क्रिप्टच घ्यावा: डाव्या हातास स्वर, उजव्यास व्यंजनें, 'क' च्याच कळेवर शिफ्टसह 'ख'. बाराखडी जाणणाऱ्यास आठवड्यांत जमतो. ज्यांचीं बोटें जुन्या यंत्रावर घडलेलीं आहेत त्यांनीं तीं मोडूं नयेत. तसा कळफलकही युनिकोडांत मिळतो.

आणखी एक सावधगिरी, जी धाराशिवकरांस विशेष लागू आहे. या आज्ञावल्यांत 'शोधा आणि बदला' अशी एक सोय असते. २०२३ सालीं जिल्ह्याचें नांव बदललें तेव्हां पुतण्यानें उत्साहाच्या भरांत अण्णांच्या चारशें पानांतील 'उस्मानाबाद' एका झटक्यांत 'धाराशिव' करून टाकलें. दुसऱ्या दिवशीं वाचतां वाचतां मला 'धाराशिवी शेळी' भेटली! तेथवर हंसूं आलें. पण निजामी कचेरीच्या १९४५ सालच्या शिक्क्यावरही 'धाराशिव' उमटलेलें पाहिलें तेव्हां सर्व पूर्ववत् करावयास लावलें. जुन्या कागदांत जें नांव होतें तेंच राहिलें पाहिजे.

सर्व मजकूर वाचण्याजोगा झाल्यावर आईनें एकच विचारलें, "माझ्या माहेराचें कांहीं लिहिलें आहे का यांनीं?" शोधून पाहिलें. सदतिसाव्या पानावर होतें: १९४८ च्या पावसाळ्यांत नळदुर्गाकडील तिचें माहेरचें माणूस रातोरात सोलापूरच्या हद्दींत गेलें, गाडी घरची होती, आणि आठ वर्षांची मुलगी वाटभर एका पितळी डब्यास मिठी मारून बसली होती. ती मुलगी म्हणजे आई.

मी वाचून दाखविलें. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "गाडी घरची नव्हती. घरचे बैल दोन दिवस आधींच नेले होते त्यांनीं. गाडी शेजारच्या लिंगायत काकांची, आणि हांकायला त्यांचा थोरला मुलगा होता. यांना कोणी सांगितलें नसेल. लिही तें."

मीं नोटपॅड उघडलें. अण्णांचें वाक्य तसेंच ठेवून खालीं नवी ओळ घेतली, तारीख घातली, आईचें नांव घातलें.

"डब्यांत काय होतें तेंही सांगतें," ती म्हणाली, "पण आधीं एवढें वाचून दाखव."