दहा मीटर, पाच छर्रे

"भाऊ, पोरगी बंदूक मागतेय. तुम्हीच समजवा तिला आता."

दाजींचा हा फोन आला तेव्हा मागून मागाची खटखट ऐकू येत होती. बऱ्हाणपुरात पॉवरलूमवाल्याच्या घरचा फोन असाच असतो, निम्मं ऐकायचं आणि निम्मं समजून घ्यायचं. भाची नववीत आहे. १ ऑगस्ट २०२४ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्निल कुसाळेनं ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं ब्राँझ जिंकलं, तेव्हापासून तिच्या प्रत्येक वहीच्या शेवटच्या पानावर एकात एक वर्तुळं काढलेली असतात. स्वप्निल राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, पदक जिंकलं तेव्हा नोकरीनं मध्य रेल्वेचा तिकीट तपासनीस. आमचं स्टेशनही त्याच मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागात येतं. भाचीच्या हिशेबानं एवढं नातं पुरेसं आहे. "मामा, आपल्याच रेल्वेतला आहे तो."

दाजींची भीती वेगळी होती आणि ती मला खोटी वाटत नाही. आमच्या जिल्ह्यात बंदूक म्हटलं की माणसाच्या डोळ्यापुढे आधी खकनारकडचं पाचोरी येतं. अवैध हत्यारांच्या बातम्यांत त्या गावाचं नाव वर्षानुवर्षं छापून येतंय. तिथल्या सिकलीगर घरांत पिढ्यान्‌पिढ्या लोखंड घडवण्याचं कसब आहे. त्या हातांना सरळ, कायद्यातलं काम मिळायला हवं, असं मला मनापासून वाटतं. पण तो वेगळा विषय. दाजींना सांगायचं होतं ते इतकंच, की छऱ्याची बंदूक आणि ती हत्यारं यांचा काही संबंध नाही. शस्त्र नियम २०१६प्रमाणे नळी ४.५ मिलिमीटरपेक्षा, म्हणजे ०.१७७ इंचापेक्षा, मोठी नसेल आणि छऱ्याची ताकद २० ज्यूलच्या आत असेल, तर परवाना लागत नाही. दुकानदार ओळखपत्र मागतो, वहीत नाव लिहितो. बंदूक घरातल्या मोठ्या माणसाच्या नावावर घ्यायची आणि बिल जपून ठेवायचं. ५.५ मिलिमीटरची, म्हणजे पॉइंट टू-टूची, कुणी "चालतं हो" म्हणून पुढे केली तर हात लावायचा नाही. तिला परवाना लागतो.

दाजी एवढ्यावर तयार झाले. पंधरा हजार देईन म्हणाले. मागाच्या धंद्यात सध्या पंधरा हजार बाजूला काढणं म्हणजे काय, हे मला ठाऊक आहे. म्हणून निवड चुकवून चालणार नव्हतं.

भाचीनं मोबाइलवर पाहून यादी तयारच ठेवली होती. यादीत सगळ्यात वर होती ती सगळ्यात वेगवान बंदूक. छर्रा सेकंदाला ३०० मीटरच्या वेगानं जातो, वर दुर्बीण फुकट, दस्त्यावर लष्करी रंगाचे पट्टे. मी तिला विचारलं, "ऑलिंपिकमधली दहा मीटरची रायफल किती वेगानं छर्रा फेकते, सांग." तिला वाटलं, याहून दुप्पट. खरा आकडा सेकंदाला १७०–१७५ मीटरच्या आसपास आहे. अर्ध्या ग्रॅमच्या छऱ्याला तेवढ्या वेगानं जेमतेम सात-साडेसात ज्यूल ताकद येते. ११ ऑगस्ट २००८ला बीजिंगमध्ये अभिनव बिंद्रानं भारताचं पहिलं वैयक्तिक सुवर्ण जिंकलं ते याच प्रकारात. छऱ्याला दहा मीटर जाऊन कागदाला भोक पाडायचं असतं, एवढंच. त्याला जास्त ताकद लागत नाही. लागतो तो सारखेपणा. प्रत्येक छर्रा आधीच्या छऱ्याच्याच वाटेनं गेला पाहिजे.

स्प्रिंगची बंदूक आतून कशी चालते हे कळलं की निवडीचं निम्मं काम होतं. नळी खाली मोडली की आतला दट्ट्या मागे सरकतो आणि जाड स्प्रिंग दबून अडकून बसते. चाप ओढला की स्प्रिंग सुटते, दट्ट्या पुढे धावतो, त्याच्या पुढची हवा एकदम आवळली जाते आणि ती छऱ्याला नळीतून बाहेर ढकलते. पण जड दट्ट्या पुढे धावतो तेव्हा बंदूक मागे सरकते, आणि तो टोकाला जाऊन दाबलेल्या हवेवर आदळला की ती पुढे झेप घेते. छर्रा बाहेर पडायच्या आधीच ही मागे-पुढे सुरू झालेली असते. बंदूक जितकी जोरदार, तितका हा धक्का मोठा. नवशिक्याच्या हातात जोरदार बंदूक दिली की छर्रे चाळणीसारखे पसरतात आणि पोर म्हणतं, "मला जमत नाही." जमत नाही ते त्या बंदुकीला. म्हणून मध्यम ताकदीची घ्यावी, आणि ती घट्ट आवळून धरू नये. डाव्या तळव्यावर नुसती टेकवावी, खांद्याला हलकी लावावी, म्हणजे ती दर वेळी सारखीच हलते.

हाच धक्का स्वस्त दुर्बिणीचाही जीव घेतो. आतली भिंगं आणि रेषा सैल पडतात, आणि मग नेम कशानं चुकतोय हेच कळत नाही. पहिल्या वर्षी दुर्बीण नकोच. नळीच्या टोकावरची माशी आणि मागची खाच, यांवरच हात बसू द्या. खाच बाजूला आणि वर-खाली सरकवायचे स्क्रू असलेली बंदूक मात्र निवडा.

आधीच हवा भरून ठेवलेली, पीसीपी म्हणतात ती बंदूक झटका देत नाही. नेमबाजीतल्या आजच्या रायफली त्याच जातीच्या आहेत. पण तिच्यासोबत हातपंप किंवा सिलिंडर घ्यावं लागतं आणि पंधरा हजारांत ते सगळं बसत नाही. कार्बन डायऑक्साइडच्या कुपीवर चालणाऱ्या बंदुकीची कुपी बऱ्हाणपुरात आणायची कुठून? म्हणजे राहिली स्प्रिंगची. ती भारतीय बनावटीची घ्यावी, प्रिसिहोल, एसडीबी यांसारख्या कंपन्यांची, कारण स्प्रिंग आणि सील दोन वर्षांनी बदलायची वेळ येते तेव्हा सुटे भाग मिळाले पाहिजेत.

दुकानात, इंदूरला, आम्ही भाचीला बरोबर नेलं. माझ्या मते सगळ्या खरेदीत हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची. तिला दोन बंदुका ठीक उचलता आल्या, पण एकीची नळी मोडताना तिला गुडघ्याचा आधार घ्यावा लागला. रोज चाळीस छर्रे मारायचे तर चाळीस वेळा नळी मोडायची. जी बंदूक दुकानात जड जाते ती घरी आठवड्याभरात कोपऱ्यात जाते. दुसरी तिनं सलग दहा वेळा मोडली, दम लागला नाही. दस्ता खांद्याला लावल्यावर बोट चापापर्यंत सहज पोचत होतं, मान वाकडी होत नव्हती. चापालाही दोन टप्पे होते, आधी थोडा सैल, मग एक अडथळा, मग सुटका. तीच घेतली. दुकानदारानं दुर्बिणीचा आग्रह शेवटपर्यंत सोडला नाही. मीही माझं म्हणणं सोडलं नाही.

बंदूक दहा हजारांत बसली. उरलेले पाच हजार दाजींनी परत खिशात घालायला काढले तेव्हा मी हात धरला. माझं म्हणणं हेच आहे: पहिल्या रायफलीसाठी ठेवलेले सगळे पैसे रायफलीत घालायचे नसतात, आणि उरले म्हणून परतही न्यायचे नसतात. नेमबाज छऱ्यांवर तयार होतो. रोजचे चाळीस म्हणजे महिन्याला बाराशे, म्हणजे पाचशेचे दोन डबेही अपुरे. स्वप्निलच्या वडिलांनी, शाळेत शिकवणाऱ्या माणसानं, कर्ज काढलं होतं ते मुलाला सराव करता यावा म्हणून. या खेळाचा खर्च खरेदीच्या दिवशी संपत नाही.

छर्रा चपट्या तोंडाचा घ्यावा. तो कागदात गोल, स्वच्छ भोक पाडतो आणि गुण मोजता येतात. टोकदार छर्रे दिसायला भारी, पण दहा मीटरवर त्यांचा काही फायदा नाही. तीन वेगवेगळ्या कंपन्यांचा एकेक डबा आणा, प्रत्येकातले पाच-पाच छर्रे टेकून मारा, आणि जे सर्वांत जवळजवळ पडतील ते पुढे वापरा. एकाच नळीला एक छर्रा मानवतो, दुसरा मानवत नाही. छर्रे शिशाचे असतात. सराव झाला की साबणानं हात धुवायचे आणि मगच खायचं, हे घरातल्या बाईमाणसांसकट सगळ्यांना माहीत असावं.

आता चष्मा. मी बारा वर्षांचा असताना शेजाऱ्यांची छऱ्याची बंदूक मागून आणली होती. परसातल्या दगडी भिंतीवर खडूनं वर्तुळ काढलं आणि मारत बसलो. तिसरा की चौथा छर्रा दगडावरून उलटा फिरला आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या धाकट्या भावाच्या भुवईत रुतला. बोटभर खाली आला असता तर डोळा गेला असता. तो व्रण अजून त्याच्या भुवईत आहे आणि त्या जागी केस उगवत नाहीत. म्हणून दगड, वीट, पत्रा, बाटली यांच्यावर छर्रा कधी मारायचा नाही. बंदुकीच्याही आधी दोन सुरक्षा चष्मे घ्यायचे, एक मारणाऱ्याचा आणि एक जवळ उभ्या असलेल्याचा.

छर्रे अडवायची पेटी मात्र आमच्या गावात फुकटात होते. दाजींनी केळीच्या बागेतलं जाड खोकं आणलं, त्यात मागाखालच्या चिंध्या आणि सुताचा गुंता दाबून-दाबून भरला, मागे जाड प्लायवूड उभं केलं. छर्रा त्यात शिरतो आणि तिथेच राहतो. पेटीमागे घराची भिंत, आणि मध्ये कुणी येऊ शकेल असं दार नाही. ओसरीपासून परसापर्यंत लांबच लांब गेलेल्या आमच्या जुन्या घरांत तेहेतीस फुटांचा सरळ पट्टा सापडतो. दहा मीटर म्हणजे तेवढंच. आवाजाची तक्रारही आली नाही, मागाच्या खटखटीत तो कुणाला ऐकूच जात नाही.

लक्ष्य वर्तमानपत्राच्या कागदावर छापू नका. नेपानगरची कागद गिरणी शेजारी असल्यानं तो कागद आम्हाला फार जवळचा, पण मऊ असतो, भोक न पडता फाटतो. जाड कार्डाचा कागद हवा. दहा मीटरच्या लक्ष्याचं काळं वर्तुळ ३०.५ मिलिमीटरचं असतं, दहा रुपयांच्या नाण्याहून जरासं मोठं. आणि मधला दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, खसखशीच्या दाण्यापेक्षा लहान. भाचीनं तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा बराच वेळ काही बोलली नाही.

आणखी दोन गोष्टी सांगून ठेवतो. छर्रा भरताना मोडलेली नळी एका हातानं घट्ट धरून ठेवायचीच. ती सुटून मिटली तर बोटं चेचते. आणि नळीत खोबरेल टाकायचं नाही. तेलाचे कण दाबलेल्या हवेत पेट घेतात, धूर निघतो, मोठा आवाज होतो, पोरांना मजा वाटते, पण आतलं सील जळतं.

पक्ष्यांबद्दल मात्र मला हात जोडून सांगायचं आहे. तापीकाठी आणि केळीच्या बागांतून छऱ्याची बंदूक घेऊन फिरणारी पोरं मी लहानपणापासून पाहतोय. पोपट, साळुंकी, होला, बगळा यांना १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, त्यांना मारणं गुन्हा आहे. आणि कायदा नसता तरी त्यात कौशल्य काय आहे? भाचीला बंदूक हातात द्यायच्या आधी मी तिच्याकडून एकच शब्द घेतला, ही नळी जिवंत कशाकडेही वळणार नाही. कुत्र्याकडे नाही, माकडाकडे नाही, आणि रिकामी असली तरी माणसाकडे नाही. सराव संपला की बंदूक कपाटात, किल्ली दाजींकडे.

पुढे काय, असं दाजी विचारतात. शेजारच्या खरगोन जिल्ह्यातल्या रतनपूरचा ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर २०१५मध्ये भोपाळच्या मध्य प्रदेश राज्य नेमबाजी अकादमीत गेला. हांगझूच्या आशियाई स्पर्धेत, २०२३मध्ये, दहा मीटर एअर रायफलच्या सांघिक सुवर्णात तो होता. सोबत ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील आणि दिव्यांश पनवार, तिघांची बेरीज १८९३.७, त्या दिवशीचा विश्वविक्रम. ऐश्वर्य निमाडचाच पोरगा. अकादमीत निवड झाली तर लाखांच्या घरातली रायफल आपल्याला विकत घ्यावी लागत नाही. म्हणून घरच्या पहिल्या रायफलीकडून पदकाची अपेक्षा ठेवायची नाही. स्थिर उभं राहणं, श्वास सोडून थांबणं, चाप हळू दाबणं आणि प्रत्येक छऱ्यानंतर वहीत खरा आकडा लिहिणं, एवढं तिनं शिकवलं तरी तिची किंमत वसूल.

परवा भाचीनं खुर्चीवर बसून, टेबलाचा आधार घेऊन पाच छर्रे मारले. तीन काळ्यात, दोन बाहेर. वहीत तिनं पाचही लिहिले.