एक्सप्लेनर : चर्चबाहेरच्यांचं तारण होतं का? ७० वर्षांनंतरही न मिटलेला कॅथलिक वाद

‘चर्चबाहेर तारण नाही’ ही कॅथलिकांची जुनी शिकवण. तारण म्हणजे पापातून मुक्ती. मग बाहेरचे सगळे नरकात?

अमेरिकेत, हार्वर्ड विद्यापीठाशेजारच्या केंद्रातले धर्मगुरू लिओनार्ड फीनी यांचं उत्तर होतं, ‘हो’. व्हॅटिकनने १९४९ मध्ये बोस्टनच्या आर्चबिशपना पत्र पाठवून ते अमान्य केलं. नकळत बाहेर राहिलेला, पण देवाची इच्छा मनापासून पाळू पाहणारा माणूसही तरू शकतो, असं त्यात म्हटलं होतं. रोमने बोलावूनही फीनी गेले नाहीत. १९५३ मध्ये चर्चने त्यांनाच बहिष्कृत केलं.

फीनी यांचे समर्थक या पत्राला पळवाट म्हणतात. ते पटत नाही. प्राणघातक पापासाठी चर्चच्याच तीन अटी आहेत: कृत्य गंभीर हवं, त्याची पूर्ण जाणीव हवी आणि ते स्वेच्छेने केलेलं हवं. पाप ठरवताना जाणीव मोजायची, तर तारणाच्या वेळी ती का सोडायची?

चुकलं ते कारवाईत. बहिष्कार आज्ञाभंगासाठी होता, मतासाठी नाही. १९७२ मध्ये फीनींना परत घेतलं, तेही मत मागे घ्यायला न लावता. म्हणूनच दोन्ही बाजू आजही आपणच जिंकलो म्हणतात.