वसईचा हिरवा पट्टा आणि आपली घरे

मुंबईत नाव ऐकून फ्लॅट नाकारतात. मग वसई-विरारला स्वस्तात घर मिळते तर त्याला विरोध का? आपल्या घराघरांत हा सवाल आहे आणि तो रास्त आहे.

पण वसईचा हिरवा पट्टा म्हणजे रिकामी जमीन नव्हे. तिथल्या वाड्या आणि बावखले पावसाचे पाणी जिरवतात. समुद्र लागूनच आहे. गोडे पाणी भरमसाट उपसले की विहिरी खाऱ्या होतात. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समिती यासाठीच लढली. हा लढा फक्त ख्रिस्ती शेतकऱ्यांचा समजणे चूक. पाणी मजहब पाहत नाही.

सहीह बुखारीत राखीव कुरणाची, ‘हिमा’ची, एक हकीकत आहे. हजरत उमर (रजि.) यांनी रखवालदाराला बजावले : थोडी उंट-मेंढरे असलेल्याला आत सोड, हजरत उस्मान आणि हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांचे कळप नकोत. त्यांच्याकडे शेती आहे, बागा आहेत. गरिबाची जनावरे मेली तर तो बायकापोरांसह दारात येईल.

आपल्याकडे गरिबाचे नाव पुढे करून मोठाच कळप आत शिरतो. नालासोपाऱ्यात आरक्षित जागेवरच्या ४१ इमारती कोर्टाच्या आदेशाने पाडल्या. बिल्डर नव्हे, कुटुंबे रस्त्यावर आली.

टोकन देण्याआधी सर्व्हे नंबर घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात जा. जागा हरित विभागात आहे का, विचारा. एजंट ‘होऊन जाईल’ म्हणाला, तर लेखी मागा.