पळसाला पाने तीनच? : चेरीचा बहर आणि मराठी समीक्षेतील क्षणभंगुरतेचा संप्रदाय

जपानी काष्ठमुद्रित निसर्गचित्रांतील चेरीच्या बहराचा विषय निघाला, की मराठी समीक्षक ‘क्षणभंगुरता’ हा शब्द उच्चारतो आणि तेथेच थांबतो. फूल उमलते, आठवडाभरात गळते, म्हणून ते जीवनाच्या अनित्यतेचे प्रतीक. जपानी मन अनित्यतेतच सौंदर्य पाहते. सबब हे चित्र सुंदर आहे. या अनुमानाला चित्राची गरजच पडत नाही. चित्र न पाहताही ते मांडता येते आणि बहुतेक वेळा ते तसेच मांडले जाते. हे सूत्र एका परकीय कलाप्रकारापुरते राहिले असते, तर त्याविरुद्ध लेख लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु हायकूच्या चर्चेतून ते आपल्या निसर्गकवितेच्या समीक्षेत शिरले आहे आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रबंधिकांत सिद्धान्ताच्या थाटात वावरते आहे. म्हणून त्याची तपासणी आवश्यक ठरते.

आपल्याकडे जपान आला तो मुख्यतः इंग्रजीतून. ओकाकुरा यांचे चहाविषयीचे पुस्तक (१९०६) इंग्रजीतच लिहिले गेले आणि पाश्चात्त्य वाचकाला पौर्वात्य संस्कृतीची महत्ता पटवून देणे हा त्याचा हेतू होता. ब्लाइथ यांच्या हायकूविषयक चार खंडांनी (१९४९-५२) झेनचा चष्मा जगभर पोहोचविला. शिरीष पै यांनी हायकू मराठीत रुजविला, तेव्हा कवितेसोबत तिची ही टीकाही आली. कवींनी हायकूतून काय मिळविले, हा स्वतंत्र प्रश्न आहे. माझा आक्षेप समीक्षेवर आहे. रोलाँ बार्थने जपानविषयीच्या आपल्या पुस्तकात (१९७०) हा देश आपण रचलेली एक चिन्हव्यवस्था आहे, असे प्रारंभीच मान्य केले होते. मराठी समीक्षेने एवढा सावधपणाही दाखविला नाही. तिने दुसऱ्याने रचलेला जपान खरा मानला.

आता प्रत्यक्ष चित्रांकडे वळू. एदो शहराच्या दक्षिणेस, शिनागावाजवळ, गोतेन्यामा नावाची टेकडी होती. होकुसाईच्या फुजी पर्वतावरील प्रसिद्ध मालिकेत (सुमारे १८३०-३३) ही टेकडी येते. फुललेल्या झाडांमधून फुजी दिसतो आणि झाडांखाली लोक खातपीत, मौज करीत आहेत. सुमारे पंचवीस वर्षांनी हिरोशिगे त्याच टेकडीचे चित्र ‘एदोची शंभर प्रसिद्ध दृश्ये’ (१८५६-५९) या मालिकेत काढतो. या चित्राच्या मध्यभागी खणून काढलेला उघडा कडा आहे. चेरीची झाडे त्याच्या माथ्यावर आणि पायथ्याशी उरली आहेत, माणसे लहान झाली आहेत. १८५३ मध्ये पेरीची अमेरिकन जहाजे आली आणि शोगुनच्या सरकारने समुद्रात तोफांचे बुरूज बांधण्यास घेतले. त्यांच्या भरावासाठी याच टेकडीची माती नेण्यात आली. शिवाय ही मालिका सुरू झाली ती १८५५ च्या भूकंपाने एदो उद्ध्वस्त केल्यानंतर काही महिन्यांतच. हिरोशिगेच्या पहिल्या ग्राहकांना तो कडा कशाचा आहे हे कोणी सांगण्याची गरज नव्हती. फूल गळते म्हणून येथे अनित्यता नाही. टेकडीच खणून नेली आहे, आणि ती कोणी व कशासाठी नेली हे ठाऊक आहे.

हा बहरही ‘निसर्गा’चा नव्हे. आठवा शोगुन योशिमुने याने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात आसुकायामावर आणि सुमिदा नदीच्या काठावर चेरीची झाडे लावून घेतली. वाढत्या शहरातील सामान्य जनांना बहर पाहण्यासाठी जागा मिळावी, हे त्यामागचे शासकीय धोरण होते. योशिवारा या वेश्यावस्तीच्या मुख्य रस्त्यावर तर वसंतात फुललेली झाडे आणून लावीत आणि बहर ओसरला की उपटून नेत. हिरोशिगेने तेथील पहाटही चितारली आहे. जेथे बहरच भाड्याने आणलेला आहे, तेथे त्याच्या अल्पायुष्याचे तत्त्वज्ञान सांगताना भाडे कोण भरतो, हा प्रश्न वगळता येत नाही.

चित्राच्या घडणीकडे पाहिले, तर ‘क्षण’ हा शब्द आणखीच अडचणीचा ठरतो. प्रकाशक भांडवल घालीत असे, चित्रकार रेखन करीत असे, ठसे कोरणारा निराळा आणि छापणारा निराळा. प्रत्येक रंगासाठी वेगळा ठसा लागे. आकाशातील रंग वरून खाली विरत जातो, ती छटा छापणारा प्रत्येक प्रतीसाठी ठशावर हाताने रंग पुसून आणीत असे. आणि हे ठसे कोरले जात ते यामाझाकुराच्या, म्हणजे रानचेरीच्याच लाकडावर, कारण ते कठीण आणि घट्ट कणांचे असते. कागदावरचा बहर त्याच जातीच्या तोडलेल्या, वाळविलेल्या, कोरलेल्या झाडातून उमटला आहे. आपल्या समीक्षेला फूल दिसले, लाकूड दिसले नाही.

येथे रूपवादी समीक्षकाचा आक्षेप संभवतो: हा सारा इतिहास कलाकृतीबाहेरचा आहे, आस्वादाशी त्याचा संबंध नाही. हा आक्षेप त्याच्याच भूमिकेवर उलटतो. मर्ढेकरांनी सौंदर्याचे अधिष्ठान संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांत शोधले. त्या तत्त्वांना खरोखर प्रमाण मानून गोतेन्यामाचे चित्र पाहिले असते, तर फुलांचा रंग आणि कड्याची उघडी माती यांचा विरोध प्रथम नजरेत भरला असता. त्या विरोधावरच चित्राचा तोल उभा आहे. म्हणजे रूपाचे काटेकोर वाचनही कड्यापाशीच येते. क्षणभंगुरतेचे सूत्र रूपवादी नाही आणि इतिहासवादीही नाही. ते दोन्ही प्रकारच्या श्रमांतून सुटका करून देते.

परंतु देशीवादाच्या अनुयायांनी यावर समाधान मानू नये. ‘चेरी परकी, पळस आपला, साकुरेचे सोंग सोडा आणि मातीतल्या फुलाकडे या’ हा युक्तिवाद चर्चासत्रांतून टाळ्या घेतो. भालचंद्र नेमाडे यांच्या मांडणीचे हे सुलभीकरण आहे, आणि त्याचे जपानी पूर्वरूप अभ्यासण्यासारखे आहे. मोतोओरी नोरिनागा (१७३०-१८०१) हा चिनी प्रभाव झटकून शुद्ध जपानी परंपरा शोधणारा विद्वान. ‘गेंजी’ या कादंबरीच्या चर्चेत ‘मोनो नो आवारे’ ही संकल्पना १७६३ मध्ये त्यानेच मांडली. वस्तुमात्राने मनात उठणारी हळवी, करुण जाणीव असा तिचा स्थूल अर्थ. आपले क्षणभंगुरतावादी जिचा उल्लेख करतात ती हीच. आणि १७९० मध्ये एका कवितेत सकाळच्या उन्हातील रानचेरीला यामातो मनाची खूण ठरविणाराही तोच. सौंदर्यवादी आणि देशीवादी परस्परांशी भांडत असल्याचा देखावा करतात. प्रत्यक्षात दोघेही एकाच विद्वानाच्या अंगणात उभे आहेत.

त्या कवितेत मृत्यूचा उच्चार नाही, हे न्यायासाठी नोंदविले पाहिजे. पण फुलाला एकदा राष्ट्राच्या आत्म्याची खूण केले, की ती खूण कोणाच्या हाती जाईल हे कवी ठरवीत नाही. ऑक्टोबर १९४४ मध्ये जपानी नौदलाने विमानासह शत्रूच्या जहाजावर आदळणाऱ्या वैमानिकांची पहिली पथके उभारली आणि त्यांना याच कवितेतील शब्द नावे म्हणून दिले. एका पथकाचे नाव ‘यामाझाकुरा’ होते. १९४५ मध्ये वापरलेल्या, माणसाने चालवायच्या उडत्या बॉम्बचे नाव ‘ओका’, म्हणजे चेरीचे फूल. विशीतल्या मुलांना पाकळ्यांसारखे गळायला सांगण्यात आले. एकाच वेळी फुलून एकाच वेळी गळणाऱ्या ज्या बहराचा दाखला यासाठी दिला जाई, तो मुख्यतः सोमेइ-योशिनो जातीचा. ही कलमांनी वाढविलेली जात एदो काळाच्या अखेरीची आणि तिचा प्रसार १८६८ नंतरचा. होकुसाईच्या चित्रात ती असणे शक्य नाही. म्हणजे ज्याला आपण सनातन जपानी दृष्टी म्हणतो, तिचा बराच भाग आधुनिक राज्यसंस्थेने लावलेल्या झाडांवर पोसलेला आहे.

हे सारे बीडमध्ये बसून सांगण्याचे कारण आहे. बालाघाटाच्या उतारांवर फाल्गुनात पळस फुलतो आणि मराठवाड्यातील कवितेत तो वारंवार येतो. त्यावर लिहिताना विद्यार्थी ‘वेदनेतून उमललेले क्षणिक सौंदर्य’ असे ठरीव वाक्य लिहून गुण मिळवितो. पण या जिल्ह्यात पळस फुलतो तेव्हा तो पाहायला कोण असते? दिवाळीच्या आगेमागे उचल घेतलेले कोयते मुकादमाबरोबर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात गेलेले असतात. ‘कोयता’ म्हणजे येथे हत्यार नव्हे, नवरा-बायकोची जोडी. भाषेनेच माणसांना हत्याराचे नाव दिले आहे. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे बहुधा मार्च-एप्रिलपर्यंत, ती फडात आणि कोपीत राहतात. गावात उरतात म्हातारी माणसे आणि काही शाळकरी मुले. योशिमुनेने प्रजेला बहर पाहण्यासाठी जागा दिली, निदान एक दिवसाची फुरसत गृहीत धरली. आमच्या पळसाचा ऋतू हा गाव रिकामे असण्याचा ऋतू आहे. त्याच्या पानांच्या पत्रावळी होतात, फुले उकळून रंग होतो. यांपैकी काहीही ‘क्षणिक सौंदर्या’च्या वाक्यात मावत नाही. आणि फुलाबरोबर मुलखाचे दुःखही क्षणिक आणि नैसर्गिक ठरविले, की त्याला जबाबदार कोणीच उरत नाही. सौंदर्यशास्त्राने दिलेली ही सूट फार महाग पडते.

‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण व्यवहारात शहाणपणाची असेल. समीक्षेत ती आळसाचे समर्थन करते. एदो असो वा अंबाजोगाई, फुलाचा अर्थ सगळीकडे एकच, असे मानणारी समीक्षा दोन्ही ठिकाणची झाडे पाहत नाही. निसर्गकविता शिकविताना कवितेतला ऋतू कोणत्या गावाचा, त्या ऋतूत तेथे कोण असते, पाहणाऱ्याला पाहण्याची सवड कोणी दिली आणि शब्दांच्या मागे कोणाचे हात आहेत, हे विचारायला आपण विद्यार्थ्याला शिकविले पाहिजे. त्यानंतरही कविता क्षणभंगुरतेविषयी बोलत असेल, तर ते अवश्य लिहावे. पण ते तिच्या ओळींतून सिद्ध करून दाखवावे. तसे होईपर्यंत या शब्दाला प्रश्नपत्रिकेत आणि उत्तरपत्रिकेत गुण मिळणे थांबविणे आपल्याच हाती आहे.