"देवाच्या मनात काहीतरी असेल" : मुलांना हे कधी सांगावं?



निकाल मनासारखा लागला नाही, घरातलं माणूस अचानक गेलं, की आपण मुलांना चटकन सांगतो, "देवाच्या मनात काहीतरी चांगलंच असेल." मी स्वतः श्रद्धाळू आहे, हे वाक्य मला खोटं वाटत नाही. पण ते कधी म्हणायचं, याचा विचार आपण फारसा करत नाही.

आपल्या पावसचे स्वामी स्वरूपानंद घ्या. मूळ नाव रामचंद्र विष्णू गोडबोले, जन्म १९०३ चा. तरुणपणी स्वातंत्र्य चळवळीत उतरले, तुरुंगात गेले. १९३४ साली मोठं आजारपण आलं. देशासाठी राबायला निघालेला माणूस अंथरुणाला खिळला! त्या दिवसांत यात देवाची योजना कुणाला दिसली असेल, असं मला वाटत नाही. पुढची चाळीस वर्षं, १९७४ पर्यंत, ते पावसलाच देसायांच्या घरी राहिले आणि ज्ञानेश्वरी त्यांनी सोप्या अभंगांत आणली. त्या आजारपणाचा अर्थ लागला तो फार उशिरा, मागे वळून पाहताना.

आता जिल्ह्यातलंच दुसरं उदाहरण. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. भेंडवाडीतली घरं माणसांसकट वाहून गेली. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी दोष दिला खेकड्यांना! खेकडे काय नि देवाची इच्छा काय, इथे दोन्ही सोयीचीच उत्तरं. बंधारा वेळेत दुरुस्त करायला देवाची अगाध बुद्धी लागत नाही, माणसाची पुरते.

आपण वर्गात म्हणतोच ना, "हे तुला पुढच्या इयत्तेत कळेल"? कधी ते खरं असतं. सहावीच्या मुलाला बारावीचं गणित कसं कळणार? देवापुढे आपण सगळे सहावीतलेच, असं मी मानतो. पण कधी कधी आपली तयारी झालेली नसते म्हणूनही आपण हेच वाक्य फेकतो, आणि मुलांना ते बरोबर ओळखता येतं.

उद्या वडील गेलेलं एखादं पोर वर्गात येऊन "बाई, देवाने असं का केलं?" विचारेल, तेव्हा स्वामींची गोष्ट नको. पावसला चाळीस वर्षं लागली, त्याला चार दिवस तरी द्या. मी तर आधी "मलाही कळत नाही रे" एवढंच म्हणेन, आणि मधल्या सुट्टीत डबा घेऊन त्याच्या बाकावर बसेन.