गृहस्वावलंबन आणि पुरुषांचें कर्तव्य

शहरांतील मध्यमवर्गांत सध्यां एक इच्छा ठिकठिकाणीं बोलून दाखविली जात आहे. जीवनाची धांवपळ कमी व्हावी, प्रत्येक लहानसहान वस्तूकरितां बाजाराकडे पाहणें सुटावें, घरीं शिजलेलें अन्न सर्वांनीं एकत्र बसून खावें, लोणचें-पापड घरचे असावेत, गच्चींत चार भाज्या लावाव्या आणि मुलांस आईबापांचा सहवास मिळावा, अशी ती इच्छा आहे. आम्ही तिचें मनःपूर्वक स्वागत करतों. दहा मिनिटांत दारीं माल आणून देण्याची सोय मोठ्या शहरांत झाल्यापासून घरांत मीठ शिल्लक आहे कीं नाहीं हें पाहण्याचीही संवय सुटत चालली आहे, आणि ज्यास आपल्या घरांतील मिठाची दाद नाहीं त्यास आपल्या खर्चाची तरी दाद कोठून असणार? परंतु या स्तुत्य इच्छेच्या पोटीं एक प्रश्न दडलेला आहे, तो कोणी मोकळेपणानें विचारीत नाहीं. हें स्वावलंबी घर चालवावयाचें कोणीं?

स्वावलंबनाची कल्पना आपल्याकडे नवी नाहीं. ‘बेगमी’ हा एकच शब्द ती सर्व कल्पना सांगून जातो. ज्या दिवसांत जिन्नस मुबलक व स्वस्त, त्या दिवसांत तो घेऊन ठेवावा, म्हणजे टंचाईच्या महिन्यांत कोणापुढें हात पसरावा लागत नाहीं, हें तत्त्व कोणत्याही व्यापाऱ्यास पटण्यासारखेंच आहे. म्हणून चैत्र-वैशाखांत वर्षाचे गहू येत, त्यांस ऊन दाखवून कडुनिंबाच्या पाल्यांत भरून ठेवीत; मिरच्यांचे देठ काढून मसाला कुटीत; मृगाचा पाऊस पडण्यापूर्वीं कैरीचें लोणचें बरणींत जाई व बरणीच्या तोंडास दादरा बांधला जाई. परंतु यांतील एकाच जिनसाचा हिशेब पाहा. कुरडयांसाठीं गहू तीन दिवस भिजत घालावा, रोज त्याचें पाणी बदलावें, मग तो वाटून व गाळून त्याचें सत्त्व काढावें, पहाटे उठून चीक शिजवावा, त्यांत गुठळी होऊं नये म्हणून हात दुखेपर्यंत ढवळीत राहावें, आणि ऊन चढण्यापूर्वीं गच्चीवर सोऱ्यानें कुरडया घालाव्या. हें सर्व बायका करीत. कावळे हांकण्यास मुलें बसत. पुरुषांच्या वांट्यास त्या तळल्यावर खाण्याचें काम तेवढें येई.

जुन्या घराचें गोड वर्णन करणारे लेखक जात्याचा घरघराट आणि पहाटेची ओवी यांचा उल्लेख केल्याशिवाय राहत नाहींत. गी पॉइटविन आणि हेमा राईरकर यांनीं महाराष्ट्रांतील खेड्यांखेड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या; त्यांची संख्या एक लाखाहून अधिक भरली. त्या ओव्यांत देवभक्ति आहे, भावाचें प्रेम आहे, तसेंच सासरचे कष्ट आणि पोटांतलें दुःखही आहे. जें दुसऱ्या कोणापाशीं बोलतां येत नसे, तें त्या स्त्रिया दगडापाशीं बोलत. गांवांत पिठाची गिरणी आल्यावर जात्याकडे परत जाण्याचा हट्ट बायकांनीं धरल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. जात्याविषयींचा कळवळा बहुधा ज्यांनीं तें कधीं ओढलें नाहीं त्यांसच येतो.

हा जुन्या काळचा प्रकार झाला, आतां सर्व बदललें आहे, असें कोणी म्हणेल, तर त्यानें पुढील आंकडे पाहावे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानें २०१९ सालीं देशभर पाहणी करून लोक आपला वेळ कसा घालवितात याची नोंद केली. सहा वर्षांवरील स्त्रियांपैकीं शेंकडा ८१.२ स्त्रिया दिवसांतून कांहीं वेळ बिनमोल घरकामांत घालवीत होत्या. पुरुषांत हें प्रमाण शेंकडा २६.१ होतें. आणि जीं माणसें हें काम करीत, त्यांपैकीं स्त्रियांचे त्यांत दिवसास सरासरी २९९ मिनिटें, म्हणजे सुमारें पांच तास जात. पुरुषांची ९७ मिनिटें जात. पुढें २०२० च्या मार्चमध्यें देशभर टाळेबंदी झाली आणि घरोघरीं स्वयंपाकघर दिवसभर पेटतें राहिलें. त्या वेळीं पुष्कळ पुरुषांनीं प्रथमच पोळी लाटून पाहिली हें खरें. परंतु टाळेबंदी उठतांच त्यांतील पुष्कळांचें लाटणेंही खालीं ठेवलें गेलें.

घरच्या कामास किंमत नाहीं असें आमच्या व्यापारी वाचकांनीं तरी म्हणूं नये. १९५९ सालीं मुंबईस गिरगांवांत सात स्त्रियांनीं ८० रुपये उसने घेऊन एका इमारतीच्या गच्चीवर पापड लाटण्यास आरंभ केला. त्यांतूनच लिज्जत पापडाचा मोठा उद्योग उभा राहिला आणि हजारों स्त्रियांस हक्काची मिळकत झाली. पापड तोच, हात तेच, उन्हांतील गच्चीही तशीच. एका गच्चीवर त्या कामास मजुरी म्हणतात, दुसऱ्या गच्चीवर कर्तव्य म्हणतात, एवढाच काय तो भेद.

याहून निराळा मार्ग आपल्याच शहरांत एका गृहस्थानें घालून दिलेला आहे. पुण्याचे गणेश वासुदेव जोशी, ज्यांस लोक सार्वजनिक काका म्हणत, यांनीं १८७२ सालीं खादी वापरण्याचें व्रत घेतलें. ते वकील होते, सार्वजनिक सभेच्या कामांत बुडालेले होते, तरी सूत स्वतः काढीत. आणि १८७७ च्या दिल्ली दरबारास ते याच साध्या वेषानें गेले. व्रत आपण घ्यावें आणि चरखा दुसऱ्यापुढें ठेवावा, असें त्यांनीं केलें नाहीं. स्वावलंबन या शब्दांतील ‘स्व’ कोण, हें त्यांस नीट समजलें होतें.

एक शंका दुकानदारांच्या मनांत येईल. घरोघरीं सर्व जिन्नस होऊं लागले तर आमचा धंदा चालावा कसा? ही भीति अनाठायीं आहे. लोणचें घालणारें घर कैऱ्या, मोहरी, हिंग, तेल आणि बरणी विकत घेतें. मसाला करणारें घर ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची पारखून घेतें. कपडा दुरुस्त करून वापरणारें घर शिंप्याकडे, पितळी भांडीं वापरणारें घर कल्हईवाल्याकडे जातें. अशा गिऱ्हाइकास मालाची पारख असते, आणि तें सचोटीच्या दुकानदारास वर्षानुवर्षें धरून राहतें. हप्त्यांवर घर भरणारें गिऱ्हाईक आज मोठें दिसतें. पण हप्ते थकले म्हणजे तें प्रथम वाण्याचें बिल थकवितें.

शिवाय दुकानदार हाही गृहस्थच आहे. पुण्याच्या पेठांतील दुकानें दुपारीं एक ते चार बंद असत, यावर पुष्कळ थट्टा झाली. त्या तीन तासांत दुकानदार आपल्या घरीं जेवत होता, हें मात्र थट्टेखोर विसरले. १९४८ च्या मुंबई कायद्यानें दुकानें आठवड्यांतून एक दिवस बंद ठेवण्याचा नियम घातला. २०१७ च्या महाराष्ट्राच्या कायद्यानें सातही दिवस दुकान उघडें ठेवण्याची मोकळीक दिली, तरी नोकराची आठवड्याची सुटी कायम ठेवली. दुकानांतील नोकरास जी सुटी कायद्यानें मिळाली, ती घरांतील स्त्रीस कोणत्या कायद्यानें मिळावयाची?

रोजंदारीवर पोट भरणाऱ्या कुटुंबास धांवपळ कमी करण्याचा उपदेश करणें निर्दयपणाचें होईल. जीं आपल्या वेळाचा कांहीं भाग स्वतःच्या इच्छेनें खर्चूं शकतात, त्याच कुटुंबांशीं आम्ही बोलत आहों. त्यांनीं घर अवश्य स्वावलंबी करावें. परंतु आरंभ कामाच्या वांटणीपासून करावा. पुरुषांनीं ‘मदत’ हा शब्द सोडून द्यावा, कारण मदत दुसऱ्याच्या कामांत करावयाची असते. एखादें काम संपूर्ण आपलें म्हणून पत्करावें. धान्य पत्करलें तर तें आणणें, निवडणें, ऊन दाखविणें आणि डब्यांत किती उरलें हें ध्यानांत ठेवणें, सर्व आपल्याकडे घ्यावें. कारण मीठ संपत आल्याची आठवण ठेवणें हेंही एक कामच आहे, आणि तें आजवर एकाच डोक्यांत राहत आलें आहे. मुलीबरोबर मुलासही भात शिजविण्यास व बटण लावण्यास शिकवावें. आठवड्यांतून एक दिवस चूल दुसऱ्या हातांनीं पेटावी. आणि जें काम वांटून घेण्यास घरांत कोणी तयार नसेल, तें खुशाल बाजारांतून विकत आणावें. त्यांत कोणताही कमीपणा नाहीं.

घरांतील चौघांपैकीं तिघांस विसांवा मिळावा म्हणून चौथीनें पहाटे चारास उठावें, या व्यवस्थेस आम्ही संथ जीवन म्हणण्यास तयार नाहीं. पुढच्या उन्हाळ्यांत ज्या गृहस्थांस घरच्या कुरडया हव्या असतील, त्यांनीं चीक ढवळण्याचें काम प्रथम आपल्या हातीं घ्यावें, एवढीच आमची त्यांस विनंति आहे.